जिंकलेल्याचं गाव

शिंगाडे सर मोटारींच्या शर्यती बघत नसत. शर्यत संपायची वाट बघत असत.

नव्वदनंतरची चार-पाच वर्षं उलटली होती. इंदापुरात केबल नुकती आली होती आणि रविवारी संध्याकाळी परदेशातल्या शर्यती घरोघर दिसू लागल्या होत्या. शर्यत खरी बघायच्या त्या काकू, म्हणजे सरांच्या पत्नी. भिंतीला टेकून, पाय पसरून, कोण कुणाला कुठल्या वळणावर गाठतो ते त्या बघायच्या आणि मागे पडणाऱ्याला "अरं दाब की मुडद्या" म्हणून शिव्या घालायच्या. सर टीव्हीकडे पाठ करून बसलेले असायचे. शाळेच्या ढोलाची दोरी आवळणं, ताशाचं कातडं बघणं, नाहीतर काकूंनी पुढ्यात सरकवलेली ज्वारी निवडणं. पुढे कोण आणि मागे कोण, याचं त्यांना काही नसायचं. शेवटी काकू म्हणायच्या, "चढली हो पोरं चौरंगावर."

मग सर हातातलं काम खाली ठेवायचे, सदऱ्याचं वरचं बटण लावायचे आणि टीव्हीसमोर सावधान उभे राहायचे.

ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. शर्यत संपली की पहिले तिघे पायऱ्यांवर चढतात. आधी जिंकलेल्या चालकाच्या देशाचं राष्ट्रगीत वाजतं आणि ते संपलं की ज्यांनी गाडी बांधली त्यांच्या देशाचं. पोरगा जर्मन आणि गाडी इंग्रजांची असली, तर आधी जर्मनीचं आणि मग इंग्लंडचं. दोन्ही पूर्ण होईपर्यंत सरांची पापणी हलत नसे. "पयलं माणसाचं, मग गाडीचं," ते मला सांगायचे. "रीत बघा गुरुजी. गाडी बांधणाऱ्यालाबी इसरत न्हाईत."

घरात असलेल्या प्रत्येकाला उभं राहावं लागे. केबलवाला एकदा शिडीवर चढून वायर जोडत होता, त्याला सरांनी नुसत्या नजरेने खाली उतरवलं आणि तो बिचारा हातात पकड घेऊन इटलीच्या राष्ट्रगीताला उभा राहिला. शेजारचे एक निवृत्त तलाठी दारावरून जाता जाता टोमणा मारायचे, की इंग्रज जाऊन जमाना झाला, शिंगाडे अजून उभेच. सर चिडत नसत. "म्या राणीसाठी न्हाय उभा," ते म्हणायचे, "जिंकलेल्यासाठी हाय. त्याचं गाव त्याला ऐकू येतंय, तवर आपुन बसायचं न्हाय."

कधी कधी गाणं चालू असतानाच मध्ये जाहिरात यायची. साबण, नाहीतर टायर. सर तसेच उभे राहून उरलेलं गाणं नाकातल्या नाकात पूर्ण करायचे. ते संपल्याशिवाय काकूही खाली बसत नसत. जाहिरात संपून गाड्यांची पुढची दृश्यं सुरू झालेली असायची आणि हे नवरा-बायको आणि मी परक्या देशाचं उरलेलं गाणं संपण्याची वाट बघत उभे.

सरांना ही गाणी येत होती, कारण ते लष्कराच्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे तीन बटणांचं तुतारीसारखं पितळी वाद्य, वाजवत. परदेशचे पाहुणे आले की त्यांच्या देशाचं राष्ट्रगीत वाजवावं लागे. निवृत्त झाल्यावर ते इंदापूरच्या आमच्या शाळेत बँड आणि कवायत शिकवायला आले.

मी डाळजचा. भिगवणजवळ सोलापूर रस्त्याला लागून आमचं गाव आहे. आमच्या घरात पदवीपर्यंत गेलेला मी पहिलाच. नोकरीला लागलो तेव्हा नव्या पँटची घडीसुद्धा मोडवत नव्हती आणि शिक्षकांच्या खोलीत कुठल्या खुर्चीवर बसावं हे कळत नव्हतं. शिंगाडे सरांनी मला पहिल्याच दिवशी बाजूला घेतलं आणि म्हणाले, वर्गात शिरताना दारात थांबू नका, दारात थांबलेला माणूस परवानगी मागतोय असं पोरांना वाटतं. कॉलेजात मला एवढं उपयोगी कुणी काही सांगितलं नव्हतं. खोली मिळेपर्यंत मी त्यांच्याकडेच जेवलो. आजही वर्गात मी न थांबता शिरतो, आणि दर वेळी सरांची आठवण येते.

त्यांना एक सवय होती. नवा माणूस भेटला की ते नाव विचारत नसत, गाव विचारत. "कुठला तू?" हा प्रश्न ते अशा रीतीने विचारायचे, की ऐकणारा सरळ उभा राही. याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचे वडील मेंढ्या राखायचे. दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाआधी वर यायचं. सर घोड्यावर बांधलेल्या बिऱ्हाडातच वाढले. भरतीच्या रांगेत साहेबाने विचारलं, कुठला तू? पोराला उत्तर देता येईना. मागचा कुणीतरी हसला. साहेबानेच मग वैतागून इंदापूर लिहिलं. "तवापासनं मी इंदापूरचा," सर म्हणाले. "फुकटात गाव मिळालं मला, गुरुजी. म्हणून किंमत ठाव हाय."

बारामतीला जळोचीच्या बाजूला एका मोकळ्या रानात मोटारसायकलच्या शर्यती सुरू झाल्या, तेव्हा सरांना आपलं काम सापडलं. कच्च्या मातीचा वाटोळा रस्ता, मध्ये उड्या मारायला मातीचे ढिगारे, कडेला बांबू आणि दोर. एक तरुण मंडळ आणि बारामतीतल्या एका मोटारसायकल शोरूमचे मालक मिळून ते भरवायचे. सर मला घेऊन एसटीने बारामतीला गेले आणि मंडळाच्या पोरांना म्हणाले, बक्षीस देताना राष्ट्रगीत वाजवलं पाहिजे, आमचा शाळेचा बँड येईल. पोरं खूश झाली. पण परवानगी देणारे तहसील कचेरीतले साहेब म्हणाले, राष्ट्रगीताला नियम असतात, ते असं कुठेही वाजवता येत नाही.

सर त्यावर नाराज होतील असं मला वाटलं होतं. ते उलट विचारात पडले. परतीच्या गाडीत म्हणाले, साहेबांचं बरोबर आहे, आणि शिवाय हितं कुणीबी जिंकला तरी एकच गाणं वाजणार, मग त्याला कळायचं कसं की हे माझं म्हणून?

त्या उन्हाळ्यात त्यांनी गावांना गाणी केली. शब्द नाहीत, नुसती धून, बासऱ्या, ताशा, ढोल आणि सरांचं कॉर्नेट. ज्या ज्या गावचा पोरगा शर्यतीत उतरणार होता त्या गावाला सर जाऊन आले. पारावर बसायचे आणि विचारायचे, तुमच्या गावाचा आवाज कसला? लोक आधी चेष्टा करायचे, मग भांडायला उठायचे. वालचंदनगरच्या गाण्याची सुरुवात कारखान्याच्या भोंग्याने होत होती. जळोचीच्या गाण्यात मोटेवरची जुनी हाळी होती. बारामतीचं गाणं सगळ्यात रुबाबदार झालं, पण सरांचं त्याच्यावर मन नव्हतं. मोठ्या गावाला गाणं करणं अवघड असतं, ते म्हणायचे, त्याला सगळं आधीच मिळालेलं असतं.

पहिल्या वर्षी वालचंदनगरचा एक पोरगा जिंकला. बक्षिसासाठी शाळेची बाकं एकावर एक ठेवून पायऱ्या केल्या होत्या. सर कडक इस्त्रीच्या कपड्यांत त्याच्यासमोर गेले आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "कुठला तू?" पोरगा म्हणाला, "वालचंदनगर." सरांनी हात उचलला आणि बँडमधून भोंगा निघाला. लोक हसले. तिथल्या कारखान्याच्या कॉलनीतली काही माणसं आली होती, ती मात्र हसता हसता उभी राहिली, आणि मग हळूहळू सगळं रान उभं राहिलं. त्यानंतर गाडी बांधणाऱ्या मिस्त्रीला पुढे बोलावलं, त्यालाही गाव विचारलं, त्याच्याही गावाचं गाणं झालं. तो मिस्त्री ग्रीसने काळे झालेले हात पाठीमागे लपवून उभा होता.

रीत अशी पडली. सर जिंकलेल्याला एकदाच विचारणार, तो सांगेल ते गाव, आणि त्या गावाचं गाणं. पोरगा कुठला हे आधी माहीत असलं तरी विचारायचंच. जिंकलेल्याच्या तोंडून गावाचं नाव निघालं पाहिजे, असं सरांचं म्हणणं होतं.

संपत आमच्या डाळजचा. शाळेत असताना तो सरांच्या बँडमध्ये ताशा वाजवायचा. गावाहून रोजचं जाणं-येणं जमेना, तेव्हा दहावीचं पूर्ण वर्ष तो सरांच्या घरी राहिला. काकू त्याला आमचा संपा म्हणत आणि त्याच्या वाटची भाकरी वेगळी झाकून ठेवत. पुढे तो भिगवणला गॅरेजात लागला. मोटारसायकलवर बसला की तो वेगळाच दिसायचा, एरवी खांदे पाडून चालणारं पोर.

डाळजचं गाणं करायला मीच सरांना गावात नेलं. सर सगळ्यात जास्त दिवस त्याच गाण्यावर अडले. पारावर नेहमीचं भांडण झालं. कुणी म्हणालं हायवेचे ट्रक घ्या, कुणी म्हणालं उजनीच्या पाण्यावरचे पक्षी घ्या. संपतचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणतात, धनगरांच्या गजी नाचाचा ढोल वाजवायचे.  शेवटी ते म्हणाले, आमची मेंढरं सांजच्याला माघारी फिरवायची एक शीळ होती, आता मेंढरं न्हाईत, शीळ हाय. आणि त्यांनी ती घातली. लांब, खाली उतरत जाणारी. सरांनी ती पुन्हा घालायला लावली. मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांच्या वडिलांकडेही अशी शीळ असणार, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्या शिळेने गाणं सुरू होत होतं आणि शेवटी आबांचा ढोल त्यात मिसळणार होता. आबांनी स्वतः यायचं, असं ठरलं.

दुसऱ्या वर्षी संपत शोरूमच्या नव्या गाडीवर उतरला. डाळजहून ट्रॅक्टरची ट्रॉली भरून माणसं आली. माझे वडील आले, आबा ढोल घेऊन आले. बायका आल्या, शर्यतीसाठी नव्हे, गाणं ऐकायला. आमच्या गावाचं नाव तोवर एसटीच्या कंडक्टरशिवाय कुणी मोठ्याने घेतल्याचं आम्हाला आठवत नव्हतं. संपतने शर्यत अशी मारली की शेवटच्या फेरीत त्याच्यामागे नुसती धूळ होती. आमच्या ट्रॉलीतली माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती.

तो बाकांवर चढला. शोरूमचे मालक हार घेऊन शेजारी उभे होते. सर समोर गेले. बँडमधल्या पोरांनी न सांगता बासऱ्या ओठांना लावल्या होत्या, शिळेच्या सुरावर. आबांनी ढोल गळ्यात अडकवला होता.

"कुठला तू?" सरांनी विचारलं.

संपतने सरांकडे बघितलं नाही. हातातल्या हेल्मेटकडे बघत तो म्हणाला, "बारामती."

आमच्या ट्रॉलीत कुणीतरी हसलं. पोरगं चेष्टा करतंय असं त्याला वाटलं असणार. पण संपतने मान वर केली नाही. शोरूमच्या मालकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि त्यांच्यामागे बारामतीच्या लोकांनीही.

सरांनी मान हलवली. हजेरी देणाऱ्या पोराला मास्तर हलवतात तशी, एवढीच. ते बँडकडे वळले आणि त्यांनी बारामतीच्या गाण्याची खूण केली. पोरांना ती समजेना. सरांना पुन्हा खूण करावी लागली. आणि मग बारामतीचं गाणं वाजलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही सूर न गाळता, सरांचं कॉर्नेट सगळ्यात स्वच्छ. बारामतीची माणसं अभिमानाने उभी राहिली. आमच्या ट्रॉलीतली माणसं आधीच उभी होती, ती खाली बसली.

गाडीच्या मिस्त्रीला पुढे बोलवायचं होतं. पण सरांनी कॉर्नेट ओठांपासून काढलं, तोच शोरूमच्या कर्ण्यावर कुठल्याशा सिनेमाच्या गाण्याची कॅसेट सुरू झाली. मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. तो तसाच गर्दीत मागे सरकला.

आबा ढोल काढून काखेत घेऊन सरांपाशी आले. मी तिथेच होतो. ते ओरडले नाहीत. "मास्तर," ते म्हणाले, "त्यो पोर हाय. तुमी तरी."

सरांनी कॉर्नेट पेटीत ठेवलं. आबा ट्रॉलीकडे गेले.

परतताना टेंपोत बँडची पोरं वाद्यांवर डोकं टेकून बसली होती. मला राहवलं नाही. मी सरांना म्हणालो, तुम्हाला माहीत होतं तो कुठला. वर्षभर तो तुमच्या घरात राहिला. तुम्ही डाळजचं वाजवलं असतं तर कुणी तुम्हाला थांबवलं असतं?

"कुणी न्हाय," सर म्हणाले. "पण मग ते त्याचं नसतं झालं, गुरुजी. माझं झालं असतं. त्यानं सांगितलं ते म्या वाजवलं."

मला ते तेव्हा पटलं नाही. आजही पुरतं पटलेलं नाही. त्यांची रीत खरी होती हे मी मानतो. पण आमची माणसं त्या रीतीसाठी एवढ्या लांब आली नव्हती. गावी गेलो तेव्हा माझ्या वडिलांनी एवढंच विचारलं, "तुझं मास्तर नक्की कुणाचं?" पारावर मला जागा करून दिली जाईना. बँडमास्तरने बारामतीकरांशी आधीच ठरवलं होतं, असं गावाने धरलं, आणि मी गावात कितीही सांगत फिरलो तरी ते धरलेलं सुटलं नाही. संपतवर मात्र कुणी राग धरला नाही. तो आपला होता, त्याला फसवलं असेल, असं लोक म्हणायचे.

संपतला कुणी फसवलं नव्हतं. ते त्याने मला स्वतः सांगितलं, भिगवणच्या स्टँडवर, माझ्याकडे न बघता. शोरूमच्या मालकांनी त्याला कामावर घ्यायचं आणि पुण्याच्या मोठ्या शर्यतीला पाठवायचं कबूल केलं होतं. अट एकच, की बोलायचं ते बारामतीचा म्हणून. "एका शब्दानं काय होतंय, असं वाटलं," तो म्हणाला. सर आपल्या मनाने डाळजचंच वाजवतील, अशी त्याची खात्री होती. म्हणजे शब्द त्याने द्यायचा, आणि मोडायचा सरांनी.

दिवाळीच्या आसपास तो सरांच्या घरी पेढे घेऊन आला, शोरूमचा शर्ट घालून. मीही तिथे होतो. काकूंनी पेढ्यांचा पुडा देवापुढे ठेवला आणि त्याला चहा दिला, पण संपा म्हणाल्या नाहीत, संपतराव म्हणाल्या. तेवढ्याने पोराचा चेहरा उतरला. सर त्याच्याशी गाड्यांबद्दल बोलले, भिगवणच्या गॅरेजाबद्दल बोलले, आबांचा गुडघा कसा आहे ते विचारलं. शेवटी संपतच म्हणाला, "सर, त्या दिवशी..."

"च्या घे, निवला," सर म्हणाले.

त्यानंतर तो इंदापुरात आल्याचं मला आठवत नाही. पुण्याची शर्यत त्याने मारली की नाही, हेही मी कधी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी मंडळाची पोरं बँडसाठी आली. सर म्हणाले, ताशांची कातडी गेली आहेत. ताशे त्यांच्या पाठीमागेच भिंतीला टांगलेले होते, आदल्या रविवारीच नवी कातडी चढवलेली. पोरं ताशांकडे बघून निघून गेली. पुढे शर्यतीत बक्षिसाच्या वेळी कॅसेटच वाजू लागली. गावांची गाणी तशीच राहिली. ती लिहून ठेवावीत असं सरांना कधी वाटलं नाही, आणि ज्या पोरांना ती येत होती ती शाळा सोडून गेली.

माझी बदली दौंडकडच्या शाळेत झाली. जाणं कमी झालं. दशक संपायला आलं होतं, तेव्हा एका रविवारी संध्याकाळी मी इंदापूरला त्यांच्याकडे गेलो. सर थकले होते, पण सदरा तसाच कडक इस्त्रीचा. टीव्ही चालू होता, काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि सर टीव्हीकडे पाठ करून शेंगा फोडत होते. नवा माणूस दारात आला की ते "कुठला तू" म्हणत असत. त्या दिवशी शेजारच्या घरी नवीन आलेला एक भाडेकरू दूध मागायला आला. सरांनी त्याला नाव विचारलं.

शर्यत संपली. काकूंनी आवाज दिला नाही. टीव्हीवर पोरं पायऱ्यांवर चढली, मी सवयीने उठलो, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि सावधान उभा राहिलो. खोलीत मी एकटाच उभा होतो.

"बसा गुरुजी," सर म्हणाले. "त्याला कुणी इचारलंय का, कुठला म्हणून?"

मी बसलो नाही. त्यांनीच मला उभं राहायला शिकवलं होतं. आधी चालकाचं गाणं झालं, मग गाडीचं सुरू झालं. सर बसूनच होते. शेंगांची परात त्यांनी बाजूला सारली होती आणि उजवा हात गुडघ्यावर ठेवला होता. त्या हाताची तीन बोटं कॉर्नेटच्या बटणांवर चालतात तशी खालीवर होत होती. टीव्हीवरच्या गाण्याशी ती जुळत नव्हती, लांब, खाली उतरत जाणाऱ्या सुरावर चालली होती. टीव्हीवरचं गाणं संपलं, जाहिरात लागली, तरी बोटं चालूच होती. काकू उठून उभ्या राहिल्या. मग बोटं थांबली, आणि आम्ही दोघं खाली बसलो.